उगीच चालणारा माणूस

अनंतराव सरांनी ताडकळसच्या हायस्कुलात उभी हयात मराठी शिकवलं आणि दर वर्षी दहावीच्या पोरांना 'व्यायामाचे फायदे' हा निबंध उतरवून दिला. 'नियमित व्यायामाने शरीर सुदृढ आणि मन प्रसन्न राहते' हे वाक्य सांगताना ते टेबलाला पोट टेकवून उभे राहत आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवत. घरापासून शाळेपर्यंत मात्र ते कधी पायी गेल्याचं कुणाला आठवत नाही. सर दारात आले, की कुणाची ना कुणाची मोटारसायकल पुढ्यात थांबायची आणि सर मागं बसायचे. सरांना पायी जाऊ देणं गावाच्या रक्तात नव्हतं आणि नको म्हणणं सरांच्या रक्तात नव्हतं.

सरांच्या रक्तात काय होतं, ते निवृत्तीनंतर परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. साखर. तीही अशी, की बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, सर. पण एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवा, गोड बंद करा आणि रोज सकाळी झपझप चाला. दिवाळी झाली की या. साखर उतरली तर ऑपरेशन करू. नाही उतरली आणि मोतीबिंदू असाच राहिला, तर डोळा हातचा जाईल. डावाही त्याच वाटेला लागलाय."

बरोबर आलेल्या पद्मजाकाकूंची साखरही बाईंनी त्याच बैठकीत तपासून घेतली. ती काठावर निघाली. "तुम्हीही चालत जा," बाई म्हणाल्या. "गुडघे चालू देतील तर ना," काकू म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच मिटला.

सरांना वडील आठवले. तात्या शेवटची वर्षं आंधळे होते. सकाळ झाली की उंबऱ्यात येऊन हात पुढं करून उभे राहायचे. कुणीतरी धरेल आणि परसाकडं नेईल म्हणून. घरातली माणसं कामात असली, की तो हात बराच वेळ तसाच हवेत राहायचा. सरांना तो हात अजून स्वप्नात दिसायचा. मरण आलं तरी चालेल, पण कुणापुढं असा हात करायची वेळ नको, असं ते देवाला रोज सांगायचे. देवाला सांगून झालं, की चहात दोन चमचे साखर घालून घ्यायचे.

पुण्याच्या मुलानं, अवधूतनं, बातमी ऐकून त्याच आठवड्यात पांढरेशुभ्र बूट कुरिअरनं धाडले. शिवाय रोज पहाटे मोबाइलवर एक व्हिडिओ. त्यात दंड फुगवलेला एक माणूस 'उठा, स्वतःला जिंका' म्हणून ओरडायचा. हे व्हिडिओ अवधूत अंथरुणात पडूनच पाठवतो, असं सूनबाईंनी काकूंना फोनवर सांगितलं होतं. सरांनी मात्र मनावर घेतलं. बूट चढवले आणि सकाळीच पूर्णा रस्त्याला लागले.

गावाच्या तोंडालाच रायभान भेटला. मेंढरं घेऊन माळाकडं निघाला होता. सरांचाच जुना विद्यार्थी, त्या निबंधात नापास झालेला.

"कुठं निघालात, सर?"

"कुठं नाही. चालायलोय."

"ते दिसायलंय की. पर कुठं?"

"कुठंच नाही रे. उगीच. जायचं आणि परत यायचं."

रायभाननं मेंढरं थांबवली. सरांच्या बुटांकडं बघितलं, मग तोंडाकडं. "घरी समदं ठीक हाय न्हवं, सर?" त्यानं आवाज उतरवून विचारलं.

त्याचंही बरोबर होतं. आपल्याकडं माणूस चालतो तो शेताला, बाजाराला, दवाखान्याला नाही तर मयताला. हातात पिशवी नाही, खांद्यावर फावडं नाही, आणि तरी रस्त्यानं तरातरा निघालाय, असा माणूस एक तर घरातून भांडून आलेला असतो नाही तर त्याच्या डोक्यात काहीतरी फिरलेलं असतं. रायभान हळहळत पुढं गेला.

मागून रामकिशन आला. याची पूर्ण्यापर्यंत पॅसेंजर जीप चालायची; सकाळी मात्र तो मोटारसायकलवर दूध घालायला जायचा. त्यानं गाडी सरांच्या पायाशी आणून थांबवली.

"बसा, सर."

"नको रे. मला चालायचंय."

"कुठं सोडू ते सांगा की."

"कुठंच जायचं नाही मला."

रामकिशनचं तोंड एवढंसं झालं. "आमच्या गाडीवर बसायला आता कमीपणा वाटायलाय का, सर? काय चुकलं आमचं?"

आता यावर माणूस काय करील? सर बसले. रामकिशननं त्यांना रस्त्यावरच्या हॉटेलात नेलं, भजी खाऊ घातली, वर दोन कप चहा पाजला आणि घराच्या दारात आणून सोडलं. सर निघाले होते त्यापेक्षा जड होऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर. सर वाट बदलून बघू लागले, तर त्या वाटेवरचे विद्यार्थी वेगळे. आठवडा सरला तेव्हा गावात तीन बातम्या होत्या. सरांनी स्कूटर विकली, जी त्यांच्याकडं कधी नव्हतीच. सरांचं पेन्शन अडकलं. आणि तिसरी बातमी शेजारच्या चांगुणाबाईंनी नळावर काकूंना समोरच विचारली, "काकू, सरांस्नी घरात खायला मिळायलंय न्हवं? सकाळी उठून बाहीर पळायलेत म्हून इचारलं."

काकू घरी आल्या त्या तणतणतच. "एक तर धड चाला, नाही तर घरात बसा. माझी अब्रू घालवू नका."

सर चिडले होते. जो निबंध त्यांनी एवढ्या पिढ्यांना घोकायला लावला, तो या गावाला एवढाही कळला नव्हता. त्या चिडीतच दुसऱ्या सकाळी रामकिशननं गाडी आडवी घातल्यावर सरांच्या तोंडून निघून गेलं, "नवस आहे रे माझा. माळावरच्या मारुतीला. रोज पायी येतो म्हणून बोललोय."

रामकिशननं गाडी बंद केली. चप्पल काढली. रस्त्यातच वाकून सरांच्या पायाला हात लावला आणि पायातले बूट बघून जरा घोटाळला. "नवसाला बूट घालून, सर?"

सरांनी बूट काढून काखोटीला मारले. आणि त्या दिवशी ते माळावरच्या मारुतीपर्यंत पायी गेले आणि पायी परत आले. कुणी हटकलं नाही. चार लोकांनी रस्ता सोडला. आजारासाठी जे मिळत नव्हतं ते देवाच्या नावावर एका वाक्यात मिळालं होतं. घरी येऊन सर घामाघूम बसले, ज्वारीची भाकरी मोडली आणि रात्री असे झोपले, की काकूंना घोरण्यानं जाग आली. पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. दम कमी लागू लागला, पायजम्याची नाडी आत सरकली. आपण उगीचच तो निबंध सांगत नव्हतो, असं सरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पण नवसाचा माणूस गावानं नुसता बघत बसायचा असतो का? सगळ्यात आधी चांगुणाबाई वाटेत शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या राहिल्या.

"मला गोड बंद आहे, बाई."

"परसादाची साखर लागत न्हाई, सर. आजवर कुणाला लागल्याली ऐकली का?"

सरांनी ऐकलेली नव्हती. मग कुणी केळी आणली, कुणी पेढे, कुणी आटवलेलं दूध. नवसाच्या माणसानं दारावरून रिकाम्या तोंडी जाऊ नये, असं गावाचं म्हणणं पडलं आणि मारुतीच्या वाटेवर दारं काही कमी नव्हती. नवस कशाचा, हे सर सांगत नव्हते. त्यामुळं ज्यानं त्यानं आपापल्या सोयीचा धरला. कुणी म्हणालं सरांना आमदारकीचं तिकीट पाहिजे. बहुतेकांना मात्र तो नवस पावसासाठी, म्हणजे गावासाठी असावा असं वाटलं, आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस पडला. रायभानची एक मेंढी उठत नव्हती, तीही उठली.

मग लोक बरोबर चालू लागले. आधी बाया, मग त्यांचे नवरे. नवऱ्याचा नवस असताना बायकोनं घरी बसणं बरं दिसत नाही म्हणून पद्मजाकाकूही निघाल्या. मारुतीच्या तेलाची बाटली त्यांच्या हातात असायची. पहिले काही दिवस त्या दर विसाव्याला गुडघे धरून बसायच्या आणि सरांच्या नावानं बोटं मोडायच्या.

अनवाणी चालून सरांच्या टाचेला फोड आला. सर लंगडू लागले. ते बघून गाव हळहळलं, आणि हळहळलेलं गाव काय करील याचा नेम नसतो. एका सकाळी सर दार उघडून बघतात तर रामकिशनची जीप उभी. चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट, पुढं झेंडूच्या माळा, आत गादी आणि लोड.

"तुमी पायानं लंगडत चालायचं आन् आमी बघायचं, हे न्हाई जमायचं, सर," रामकिशन म्हणाला.

"अरे, पण नवस पायी जायचा आहे."

"ते इचारलंय आमी महाराजांस्नी."

मारुतीचे पुजारी योगीराज महाराज पुढं झाले. "नवस बोलणाऱ्यानं देहानं हजर राहावं लागतं, सर. पाय कुणाचे का असंनात. एवढी माणसं तुमच्या वाटचं चालायलेत. नवसात खोट न्हाई."

सरांनी त्याच वेळी नाही म्हणायला पाहिजे होतं. आपल्या डोळ्याचा सवाल आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण टाच ठणकत होती, गादी मऊ होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं होतं. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांच्यासमोर असं हात जोडून उभं राहिलं नव्हतं. ते चढून बसले. जीप बैलगाडीच्या चालीनं निघाली. पुढं गाव चालतंय, मागं गाव चालतंय, मधे सर लोडाला टेकून, मांडीवर पेढ्यांचा पुडा.

मारुतीपाशी पोचलं की लोक दोन शब्द बोला म्हणायचे. सर जीपमध्येच उभे राहून बोलायचे. "सकाळी उठवत नाही, आज राहू दे, उद्या बघू, असं मन म्हणतं. त्या मनाला जिंका! नियमित व्यायामाने शरीर सुदृढ आणि मन प्रसन्न राहते!" लोक टाळ्या वाजवायचे. अवधूतला कुणीतरी त्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. तो त्यानं पुण्यातल्या सगळ्या मित्रांना पाठवला आणि मग कूस बदलून झोपला.

गाव खरोखर सुधारलं. चांगुणाबाईंची कंबर धरायची राहिली. योगीराज महाराजांचं सोवळं दोन वेढे जास्त बसू लागलं. आणि पद्मजाकाकू, त्या तर बाटली घेऊन सगळ्यांच्या पुढं असायच्या. वाटेत बसणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

दिवाळी झाली. सर आणि काकू एसटीनं परभणीला गेले. डॉक्टरीण बाईंनी दोघांचंही रक्त घेतलं आणि रिपोर्ट आल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, मी चालायला सांगितलं होतं ना? ही साखर मागच्यापेक्षा वाढलीय. आणि ही टाच बघा. साखरेच्या माणसानं अनवाणी फिरायचं असतं का?" मग त्या काकूंकडं वळल्या. "तुमचं मात्र झकास आहे हो. वजनही उतरलंय. काय करता काय तुम्ही?"

"काही नाही हो," काकू म्हणाल्या. "मी ह्यांचा नवस चालते."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी उजव्या डोळ्यात बराच वेळ उजेड मारून बघितलं. "संक्रांतीपर्यंत वाट बघते," त्या म्हणाल्या, "त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही."

बसस्टँडवर सर बाकावर बसले ते उठेनात. ताडकळसची गाडी लागली, पाटी काकूंनी वाचली, कारण सरांना ती दिसत नव्हती. सरांनी उपरणं तोंडाला लावलं आणि ते रडू लागले. भर स्टँडवर, पोरासारखे.

"माझा तात्या होणार, पद्मजा. मीही असाच दारात हात करून उभा राहणार."

काकूंनी समजूत घातली नाही. "व्हाल की," त्या म्हणाल्या. "जीपमधून उतरला नाहीत तर नक्की व्हाल. उठा आता, गाडी जाईल."

दुसऱ्या सकाळी सरांनी मारुतीच्या पारावर उभं राहून सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. नवस नाही, काही नाही. साखर वाढलीय, डोळा चाललाय, डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं, तुम्ही चालू देईनात म्हणून खोटं बोललो. एवढं खरं ते वर्गातही कधी बोलले नव्हते.

मग रायभाननं डोळे पुसले. "बघा," तो म्हणाला. "नवस बोलून दाखिवला की फळत न्हाई, म्हून सर आपल्यासाठी सोताला लबाड म्हनून घ्यायलेत."

गाव गलबललं. त्या दिवशी सरांच्या वाटीत शिरा दुप्पट पडला, आणि दुसऱ्या सकाळी दारात जीप उभी होतीच. गादीवर नवी चादर.

सर दारात आले. पायात पांढरे बूट होते. समोर केळीचे खुंट आणि माणसं सगळं धुरकट दिसत होतं आणि पुढं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. जीपमध्ये बसावं तर डोळा जातो, न बसावं तर गावाचं मन मोडतं. एवढ्यात काकू आतून आल्या. तेलाची बाटली त्यांनी चांगुणाबाईंच्या हातात दिली, पदर खोचला आणि सगळ्या गावादेखत सरांचा हात धरला.

धरला म्हणजे बोटांत बोटं घालून धरला. ताडकळसला नवरा पुढं चालतो आणि बायको चार पावलं मागं. लग्नात गाठ बांधलेली असते तेवढा वेळ काय ते जवळ, पुढं आयुष्यभर नाही. साठी उलटलेल्या सरांनी भर रस्त्यात बायकोचा हात धरून निघावं, हे त्या रस्त्यानं कधी बघितलेलं नव्हतं.

"अगं, काय करायलीस? लोक बघायलेत!" सर पुटपुटले.

"बघतायत का, तेच बघू," काकू म्हणाल्या. "चला."

कुणीच बघत नव्हतं. रामकिशन एकदम वाकून जीपचं चाक तपासू लागला. योगीराज महाराजांनी आभाळाकडं तोंड केलं. चांगुणाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं आणि भिंतीकडं वळल्या. गर्दी मधोमध फुटली आणि दोघं तिच्यातून सरळ निघून गेली. एकाच्यानंही 'कुठं निघालात' म्हणवलं नाही. असल्या जोडप्याला कुठं निघालात म्हणून कोण विचारणार?

सरांचं देवपण त्या सकाळी गेलं ते गेलंच. म्हातारपणी सर बिघडले, असं चार दिवस हॉटेलात चाललं. शिऱ्याच्या वाट्या बंद झाल्या, केळी-पेढे बंद झाले. केळीचे खुंट उतरले आणि जीप पुन्हा पूर्ण्याच्या पॅसेंजरला लागली. दोघं रोज निघायची, हातात हात घालून. मागून येणारी गाडी त्यांना बघून हळू व्हायची आणि मग एकदम वेग घ्यायची. बदनामीनं जेवढी साखर उतरते तेवढी कुठल्याच औषधानं उतरत नसावी.

पहिले काही दिवस सरांना तो हात धरवत नव्हता. तात्यांचा हात आठवायचा. पण काकूंचा हात ओढून नेणारा नव्हता. नळावरच्या भांडणांपासून ते सुनेच्या चुगल्यांपर्यंत सगळं त्या चालता चालता सांगायच्या आणि ऐकता ऐकता सरांचे पाय उचलत जायचे. लग्न झाल्यापासून ती दोघं एवढी कधी बोलली नव्हती. अवधूतचे व्हिडिओ उघडायचे राहून गेले.

संक्रांतीच्या आधी साखर उतरली. बाईंनी ऑपरेशन केलं, थोडे दिवस घरी बसवलं आणि मग चालायची परवानगी दिली. त्या सकाळी सर बाहेर पडले आणि त्यांना सगळं दिसलं. रायभानच्या मेंढरांच्या पाठीवरच्या रंगाच्या खुणा दिसल्या. बूट पांढरे राहिले नव्हते, तेही दिसलं. काकूंच्या हनुवटीवरचं गोंदण केवढं फिकट झालं होतं.

"आता दिसायलंय ना?" काकू म्हणाल्या. "मग हाताची काही गरज नाही. चला आपले मोकळे." आणि हात सोडून त्या झपझप पुढं निघाल्या.

सर एकटेच थोडं अंतर गेले असतील. मागून मोटारसायकलचा आवाज आला, जवळ आला, हळू झाला. सरांनी वळून बघितलं. रामकिशन. लांबूनच दात दाखवत होता.

"सर! कुठं नि—"

सरांनी घाईघाईनं हात पुढं केला. तात्या करायचे तसाच, हवेत. काकूंनी मागं वळून बघितलं, दोन पावलं परत आल्या आणि तो धरला. रामकिशनची मान हरभऱ्याच्या शेताकडं वळली आणि गाडीनं वेग घेतला.

"गेला तो," काकू म्हणाल्या. "सोडा आता."

"मागून अजून एखादा येईल," सर म्हणाले आणि हात न सोडता चालत राहिले.